कारणाचा रकाना

— मोठ्यानं बोल. मोठ्यानं. मला या डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आणि दार लोटू नको, दार उघडंच राहतं इथलं, नियम आहे — नियम कोणी केला? मीच केला. हां, बोल. काय पाहिजे? गोळी. कसली गोळी? रोज घ्यायची, एचआयव्ही होऊच नये म्हणून. प्रेप. आता कसं, मर्दासारखं बोललास — त्या पोरी थांबल्या बघ व्हरांड्यात, थांबू दे. चिठ्ठी कोणाची? कामिनी मॅडमची. वाटलंच मला. मंगळवारी आणि शुक्रवारी येतात डॉक्टरबाई, अकराला येतात, बाराला पर्स खांद्याला लावतात, आणि तेवढ्या तासात कोणाला तरी अशी चिठ्ठी लिहून जातात. निस्तरायला मागे कोण? प्रेमराज कंपाउंडर. बावीस वर्षं झाली मला या खुर्चीवर, बठ्ठे, सगळेच्या सगळे नाना म्हणतात, प्राचार्यसुद्धा नाना म्हणतात, तीन प्राचार्य झाले माझ्यासमोर.

ते कपाट बघ. बघ ना, लाजतोस काय. वरच्या फळीवर तापाची गोळी, उलटीची गोळी, ओआरएस. मधल्या फळीवर पट्ट्या, आयोडीन, आणि गॅदरिंगमध्ये नाचताना पाय मुरगळणाऱ्या हिरोंसाठी स्प्रे. खालच्या फळीवर तो खोका आहे ना, त्यात लाल फिती. दर वर्षी नोव्हेंबरात मीच कापतो, टाचण्या पण मीच लावतो. एक डिसेंबरला, एड्स दिनाला, प्राचार्यांच्या कोटाला फीत, संस्थेच्या अध्यक्षांच्या जाकिटाला फीत, पुढं बॅनर — लाजू नका, विचारा — आणि मागं आठशे पोरं कोर्ट चौकापर्यंत बोंबलत जातात. आल्यावर केळी आणि वेफरचं पाकीट. फोटो पेपरात. आणि दोन डिसेंबरला कोणी खरंच विचारायला आलं, तर अख्ख्या कॉलेजात त्याला द्यायला काय आहे? फीत आहे. घेऊन जा एक, शर्टाला लाव, काय व्हायचं ते टळेल. हसतोस काय? बरोबर आहे, हसण्यासारखंच आहे सगळं.

बस. बाकावर बस, रजिस्टर भरू. त्याशिवाय चिठ्ठीला शिक्का मिळत नाही आणि शिक्क्याशिवाय बाहेरची तपासणी कॉलेजच्या योजनेत होत नाही — हो, आधी रक्त तपासायचं असतं, आहे की नाही ते, आणि किडनीचं पण, मग गोळी, मग दर तीन महिन्यांनी परत. आश्चर्य वाटलं ना, नानाला कसं माहीत? माहीत आहे. लई माहीत झालंय आता. नाव, वर्ग, कारण, सही. कारण मीच लिहितो, माझं अक्षर चांगलं आहे, लांबून वाचता येतं. रजिस्टर या टेबलावर असंच उघडं राहतं, आणि खालच्या ओळीत सही करणारा वरची ओळ वाचतोच. वाचणारच. तू आत्ता वाचलीस की नाही? रूपा, बी.एस्सी. दुसरं वर्ष, पाळीत पोट दुखते. वाचलीस. आता जेवायच्या सुट्टीपर्यंत आणखी दहाजण वाचतील, आणि तिला कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारेल, बरं वाटतंय का म्हणून. मला माहीत नव्हतं असं समजू नको. बावीस वर्षं बघतोय. मला वाटायचं, चांगलं आहे, धाक राहतो. खोटं आजारपण घेऊन कोणी येत नाही. माझ्या आरोग्य केंद्रात गर्दी का नाही, असं विचारलं होतं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी. मी म्हटलं, साहेब, आमची पोरं निरोगी आहेत. छाती फुगवून म्हटलं.

तुझ्याआधी एकजण आला होता, याच गोळीसाठी. पाच वर्षं झाली. ललित नाव, साक्रीकडचा, होस्टेलला राहायचा. काडीसारखा पोरगा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. तिथंच उभा होता तू उभा होतास तिथं, आणि पुटपुटत होता. मी म्हटलं, मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही. बोलला. मी म्हटलं, अजून मोठ्यानं. मग म्हटलं, कोणाबरोबर लागतं रे तुला हे औषध? तो खाली बघून म्हणाला, ते सांगावं लागतं का, नाना? मी म्हटलं, इथं आईबाप शिकायला पाठवतात, तिकडं कोरडवाहू शेतीत खपून पाठवतात, आणि तुम्हाला गोळ्या पाहिजेत चाळे करायला. असंच बोललो, शब्द न् शब्द आठवतो. आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, पूर्ण, ठळक अक्षरात. ललितनं सही केली. पोरगं वेडं, सही केली त्यानं. संध्याकाळपर्यंत होस्टेलमध्ये त्याची गादी व्हरांड्यात आणून टाकली होती पोरांनी.

मॅडम भांडायला आल्या मग. कामिनी मॅडम. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला प्राचार्यांना — तपासणी इथंच व्हावी, गोळी इथं मिळावी, नावाऐवजी नंबर असावा, दार बंद असावं. दोन पानांचा अर्ज. कमिटी बसली, सहाजण, चहा-बिस्किटं. त्या सहाजणांतला एकही कधी या खोलीत आलेला नाही, पण कॉलेजच्या नावाचं काय होईल यावर तासभर बोलले. आणि मग बोलावलं कोणाला? नानाला. नाना, तुम्ही इतकी वर्षं बघताय, तुमचं मत काय? मला कोणी मत विचारतं का कधी? घरी बायको भाजी कोणती करू हेसुद्धा विचारत नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, सर, आपल्या पोरांना याची गरज नाही. उद्या पालक गेटवर उभे राहतील. झालं. अर्ज फायलीत, फाईल कपाटात. एका वाक्यात झालं. त्या दिवशी स्कूटरवर पिंप्राळ्याला घरी जाताना मला असं वाटत होतं, जणू मीच प्राचार्य आहे. जेवताना बायकोला तीनदा सांगितलं. पियुष पण होता ताटावर. शेवभाजी होती, त्यानं रस्सासुद्धा घेतला नाही.

— पियुष? पियुष कोणी नाही. आहे आमच्याकडचा एक. तू सही कर.

कर ना. थांबलास कशाला? माझ्याकडं काय बघतोस? पोरगा आहे माझा. झालं समाधान? याच कॉलेजात होता, बी.कॉम. या दारासमोरून दिवसातून चार वेळा जायचा. आणि ललित आला ना, त्या दिवशी तो इथंच होता. या बाकावर, तू बसलास तिथं. मी डबा विसरलो होतो, तो डबा घेऊन आला होता, मांडीवर डबा धरून बसला होता, आणि ऐकत होता सगळं. मोठ्यानं बोल म्हटलेलं पण ऐकलं, चाळे म्हटलेलं पण ऐकलं. मी उलट त्याच्याकडं बघून हसलो, बघ म्हटलं, काय काय नमुने येतात. त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि गेला. तीन वर्षं होता या कॉलेजात, पण त्या दिवसानंतर कधी पायरी चढला नाही या खोलीची. ताप आला तरी नाही. मी बायकोला म्हणायचो, आपलं पोरगं बघ कसं ठणठणीत आहे.

गेल्या वर्षी त्याच्या कंपनीत रक्तदान झालं आणि आठ दिवसांनी फोन आला त्याला, येऊन भेटा म्हणून. हां. तेच. मला त्यानं सांगितलं तेव्हा मी काय विचारलं असेल? कोणाबरोबर. तेच विचारलं, सवयीनं. मग म्हटलं, अरे, मी आरोग्य केंद्रात बसतो, मला आधी विचारायचं होतंस, हे होऊ नये म्हणून गोळी असते. तो म्हणाला, माहीत होतं, आप्पा. चार वर्षांपासून माहीत होतं. फक्त दारात तुम्ही बसला होता.

आवाज पण चढवला नाही त्यानं.

आता धुळ्याला जातो आम्ही, सरकारी दवाखान्यात. जळगावात नाही, जळगावात कोणी ओळखेल — कोणाला भीती? मला. त्याला नाही, मला. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथं रांगेत उभा होतो, रुमाल असा तोंडाला लावून, वाटत होतं आता पुकारतील, पियुष प्रेमराज, मोठ्यानं, अख्ख्या रांगेसमोर. पुकारलंच नाही. नंबर म्हटला नुसता, तोही हळू. आत गेलो तर टेबलामागं ललित. तोच. तिथं एका संस्थेतर्फे समजावून सांगायचं काम करतो. तो धडधाकट आहे, त्याला काही झालं नाही — नाशिकला जाऊन जाऊन घेतली त्यानं गोळी, जिथं मिळाली तिथून. मला ओळखलं त्यानं. मी म्हटलं आता हा उठेल, आणि काढेल सगळं, काढायलाच पाहिजे. तो उठला, दार लावलं त्यानं, आणि खुर्ची ओढून म्हणाला, नाना, आठे बठा, इथं बसा. आणि मग माझ्याकडं बघितलंच नाही, पियुषशीच बोलत राहिला तासभर. गोळी कधी घ्यायची, काय खायचं, घाबरायचं नाही. पोरगा बरा आहे आता. रोज नऊला घेतो. बरा आहे. पण ती आयुष्यभराची गोळी, आणि तुझी ही त्याच्या आधीची. मधे फक्त एक दार होतं बघ.

प्राचार्यांना सांगितलं का? नाही सांगितलं. फाईल काढा, माझं मत चुकलं, असं म्हणायला गेलो होतो दोनदा. मग त्यांनी विचारलं असतं, नाना, अचानक का? आणि मी काय सांगणार होतो, कारणाच्या रकान्यात काय लिहिणार होतो माझ्या? परत आलो. कमिटीतल्या सहाजणांना भेकड म्हणतो मी, सातवा कोण होता? यंदा पण फिती कापल्या. हाताला सवय आहे.

आण ती चिठ्ठी. हा शिक्का. आणि हा नंबर ललितचा, रजिस्टरच्या पुठ्ठ्यात ठेवलेला असतो, फोनमध्ये घे. नानानं पाठवलं म्हण, तो जळगावातल्या डॉक्टरचं नाव सांगेल, आधी तपासणी, मग गोळी, मधे खाडा करायचा नाही. काय म्हणालास? पुटपुटू नको — नाही, पुटपुट. हळूच बोल. कानाला काही झालेलं नाही माझ्या, कधीच झालेलं नव्हतं.

कारण मी लिहिलं, खोकला. वाच, आणि कर सही. त्या पोरी अजून उभ्या आहेत व्हरांड्यात. खोक जरा. अरे, कसला खोकतोस, कोंबडीसारखा, नीट खोक. हां. आता आभार-बिभार मानत थांबू नको इथं. नीघ. आणि दार लोटून जा.