कानातली जिनिंग

माझ्या कानात आवाज येतो हे घरात कोणी मनावरच घेत नव्हतं. आईचं उत्तर ठरलेलं, "घरामागं कापसाची जिनिंग हाये वं, मशिनीचा आवाज त येईनच!" मला मात्र मेंदूत काहीतरी झाल्याची धास्ती. शेवटी हिंगणघाटहून आईला घेऊन वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

तपासणीची खोली अशी बंद, की बाहेरचं काहीच ऐकू येऊ नये. एकटीला भीती वाटते म्हणून आईलाही आत नेलं. तेवढ्यात काचेपलीकडून डॉक्टर स्पीकरवर बोलले आणि मी दचकून आईच्या अंगावरच पडले.

"आत्ता येतोय आवाज?"

"हो. जिनिंग चालू असल्यासारखा, घूंऽऽ."

"असल्यासारखा काऊन?" आई म्हणाली. "जिनिंगच त हाये. मलेही आयकू येऊन राह्यली."

"काकू, जिनिंग हिंगणघाटला राहिली. आपण वर्ध्यात आहोत."

आईनं दोन्ही कान घट्ट दाबले. "अव्वा! तरी चालूच हाये!"

डॉक्टर हसत मला म्हणाले, "मेंदूबिंदूचं डोक्यातून काढा. कान आईवर गेलेत तुमचे."

माझा जीव भांड्यात पडला. आईचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजे इतके वर्षं त्या जिनिंगवाल्याले उगाच शिव्या देल्या म्या?"