चारच तर तारा आहेत!

नाही, पण मला एक सांगा, चारच तर तारा आहेत ना हो त्या गिटारला? सतारीला एवढ्या ढीगभर असतात, तरी माणसं वाजवतातच ना? मग चार तारांसाठी मला एवढा घाम का फुटावा? आणि घाम फुटला तो फुटला, त्या मेल्या मोबाईलने माझंच वाजवणं मला ऐकवून असा धक्का द्यावा?

तुम्हाला सांगते, गिटार माझी नाही, माझ्या मुलाची, चिन्मयची. बेस गिटार म्हणतात तिला. लांबलचक दांडी, जाड तारा आणि आवाज असा खालचा की कानाआधी पोटात जातो. चिन्मय नोकरीला पुण्याला गेला आणि ही राहिली बुलढाण्यात, कपाटावर, तिच्या छोट्या स्पीकरसकट. एक दिवस धूळ पुसायला म्हणून मांडीवर घेतली, फडका तारेला लागला आणि ती माझ्या बरगडीत घुमली हो! स्पीकर लावून पाहिला तर शोकेसमधल्या कपबशा थरथरल्या! लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, या घरात एवढा मोठा आवाज मी कधी काढला नव्हता... आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला. मग काय, रोज दुपारी दोन ते तीन, मोबाईलवर बघून बघून शिकणं सुरू. आठ महिने! मला वाटायचं, अनुपमा, काय वाजवतेस गं तू!

आणि एक दिवस चिन्मयचा फोन. "आई, ती गिटार मी प्रसेनजितला देऊन टाकतोय. माझा मित्र गं. पुढच्या महिन्यात शेगावला दर्शनाला येणार आहे, तिथून घरी येऊन घेऊन जाईल."

देऊन टाकतोय? म्हटलं, "अरे, मी वाजवते ती!"

तो हसला. हसला हो! मग म्हणाला, "बरं, कव्हर करून पाठव. म्हणजे मूळ गाणं लावायचं आणि सोबत आपण बेस वाजवायचा. अख्खं गाणं नीट वाजलं तर गिटार तुझी."

चारच तर तारा! म्हटलं, उद्याच पाठवते.

दुसऱ्या दिवशी गव्हाच्या कोठीला मोबाईल टेकवला, पदर खोचला, वाजवलं, आणि कौतुकाच्या भरात स्वतः न ऐकताच घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले. मग ऐकलं... अगं बाई गं! नुसती खडखड, मध्येच चर्रर्र, मध्येच एक तार आपली आपणच बोंबलतेय, जिला मी हातसुद्धा लावलेला नाही! आणि कहर म्हणजे गाणारा बिचारा अजून शेवटचं कडवं म्हणतोय आणि माझं वाजवून झालंय! व्हिडिओत मी गिटारवर हात ठेवून, बस यायची वाट बघावी तशी, त्याचं संपायची वाट बघतेय!

तेवढ्यात आमच्या ह्यांचा, म्हणजे शालिग्रामरावांचा, व्हिडिओ ऐकून ऑफिसातून फोन. "अवं, घराच्या टिनावर माकडं आले काय?"

चिन्मयने तर ग्रुपवर फक्त "आई" लिहिलं आणि पुढे तीन टिंबं. त्या तीन टिंबांनी मला रडू आलं. संध्याकाळी मग समजावून सांगितलं त्याने. "आई, तू तार दाबत नाहीस, तिचा गळा आवळतेस. बोट हलकं ठेव. जी तार वाजवायची नाही तिच्यावर दुसरं बोट टेकवून तिला गप्प कर. आणि घाई करू नकोस, टिकटिक लावून वाजव."

टिकटिक म्हणजे मोबाईलमधली, ताल धरणारी. ती लावली तर आतल्या खोलीतून सासूबाई, "अनुपमा, घड्याळ बिघडलं काय वं? दुपारभर एकच वाजून राह्यलं!"

पण गंमत ऐका. बोट हलकं म्हणजे किती हलकं, ते मला कोणी शिकवलं? ह्याच माझ्या सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी! भाचीच्या रुखवतासाठी आम्ही खिरीचे गव्हले वळत बसलो होतो, गव्हाच्या दाण्याएवढे, चिमटीत, आणि माझं लक्ष सगळं त्या प्रसेनजितकडे. सासूबाई खेकसल्या, "जोर कायले लावतं? चपटे होऊन राह्यले सारे! बोटाले नुसतं सांगाचं, वळ म्हनून." मी ताटावरून उठलेच! हात न धुता उठले, गिटार घेतली, तारेला नुसतं सांगितलं... आणि वाजली हो! ना खडखड, ना चर्रर्र!

मग महिनाभर तेच. बाराव्या खेपेला अख्खं गाणं बरोबर! गाणं आणि मी, दोघंही एकदमच संपलो! ग्रुपवर टाकलं आणि वाट बघत बसले. सगळे चिडीचूप. संध्याकाळी हे आले. "अवं, तुह्या व्हिडिओले आवाजच नाई. गानं येते, तुहे बोटं हालते, बाकी कायीच नाई."

काय? मी धावत मोबाईल घेतला, आवाज पूर्ण मोठा केला... खरंच नाही! माझा एक सूर नाही! आणि तिकडे प्रसेनजित शेगावला पोचून रांगेत उभासुद्धा राहिलेला! चिन्मयला फोन लावला, म्हटलं, माझा आवाजच येत नाही रे!

तो म्हणाला, "अगं, मोबाईलच्या एवढ्याशा भोंग्यातून बेसचा खालचा आवाज येतच नाही! मी हेडफोन लावून ऐकलं."

"अरे, मग मागच्या वेळी सगळ्यांना ऐकू आलं ते?"

"ती खडखड होती, आई. फक्त खडखड." मग म्हणाला, "आता ती गेली. मी दोनदा ऐकलं. गिटार तुझी. प्रसेनजितला म्हटलंय, नुसता चहाला जा."

माझी! त्या चारही तारा माझ्या! मी डोळे पुसत बाहेर आले तर सासूबाई चष्मा लावून, मोबाईल कानाला दाबून माझंच गाणं ऐकत बसलेल्या. अगदी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या,

"लई सुधारली वं तू. पयले किती तरास होये. आता बिलकुल ऐकू येत नाई."