वायरमनचा सामना

मला सांग, विश्वास ठेवायचा तरी कुणावर? आमच्या भाचीने, सईने, ठेवला तो दिनूवर. मी पडलो लालबागचा मसालेवाला, आणि तो अख्ख्या चाळीचा वायरमन, म्हणजे मोठा तंत्रज्ञ.

चाळीत त्या जनावरं झुंजवायच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा होती. सई फायनलला पोचली आणि नेमकी त्याच वेळी तिची कॉलेजची तोंडी परीक्षा लागली. "दिनूकाका, एवढा सामना तुम्ही खेळा," म्हणाली आणि माटुंग्याला पळाली.

समोरच्याने विजेचं जनावर काढलं. दिनूने थाटात पाण्यातलं सोडलं.

"दिन्या, समोर करंट आहे रे."

"तू मिरची कुट. मला वीज शिकवतोस?"

एका झटक्यात आमचं जनावर आडवं, ट्रॉफी समोरच्याची.

सई परत आली, तिने सगळं ऐकलं. "काका, ओल्या हाताने बटण दाबलं की तुम्हीच ओरडायचात ना मला?"

दिनू शांतपणे म्हणाला, "गेममध्ये अर्थिंगच दिलेलं नाही."

आता तो नाक्यावर सांगत फिरतो, "आम्ही फायनलपर्यंत गेलो." तुझ्याकडे आला, तर हिशोब तेवढा खरा मांड बाबा. जिंकलेले सगळे सामने सईचे, हरलेला एक त्याचा.