इंदूच्या पेशी आणि पाटनची पुडी

सभेचे अध्यक्ष आदरणीय भय्यासाहेब, मंचावरील मान्यवर, आज आपण जिला निरोप देतो आहोत ती आमची डॉक्टर अंतरा, आणि विजय नगरच्या या सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्या कवितेच्या तासाला अंतरा खिडकीशी बसे. चाल लागली की वर्गाआधी हिचा पाय ताल धरी. ते दुपारचं ऊन, तो पाठांतराचा गुंजारव... असो. भय्यासाहेब घड्याळ पाहून राहिलेत.

समोर पहिल्या रांगेत माझी पत्नी इंदू बसली आहे. तिला लसिकाग्रंथींचा कर्करोग, त्यातलाही दुर्मीळ. केमो दोनदा हरला. तेव्हा अंतरा म्हणाली, "सर, कर्करोग नेहमीचा असो की दुर्मीळ, तो गणवेश घालून वर्गात बसतो. शरीराच्या राखणदार पेशींना तो आपलाच पोरगा वाटतो. आपण काकूंच्याच पेशी काढू, मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांना चोर ओळखायला शिकवू आणि परत काकूंच्या अंगात सोडू."

इंदू म्हणाली, "अच्छा, या वयात शाळा! फक्त पेशींना यांच्या वर्गात नको बसवू बाई, झोपतील."

पेशी काढायच्या पहिल्या खेपेला रक्त चार तास यंत्रातून फिरलं. पुरेशा पेशी मिळाल्याच नाहीत. अंतरानं विचारलं, "सर, घरी दुसरं काही औषध?" मी म्हणालो, "छे!"

छे? इंदूचे गुडघे दुखतात म्हणून पाटनकडच्या एका वैद्याची पुडी मी रोज मधातून देत होतो. वनस्पतीच ना, ती काय सांगायची? परवा आमच्या नथ्थू कंपाउंडरनं ती तपासून आणली. "सरजी, इसमें तो स्टेरॉइड है." म्हणजे ज्या पेशी आपल्याला हव्या, त्याच मी रोज सकाळी चमच्यानं मारत होतो.

गुरुवारी दुसरी खेप आहे, आणि बहुधा शेवटची. शनिवारी अंतराची गाडी. पुडी एकदम थांबवली तर जिवाला धोका, असं नथ्थू म्हणतो. दिली तर पेशी जातील. आज सकाळीही मी दिली. मी काय करायला हवं होतं, सांगा?

अंतरा, निरोपाच्या सभेत कोणी असं मागत नाही. पण गुरुवार पुढे ढकल. तुझी गाडीही ढकल.

मंडळानं मला बोलू दिलं, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते सभेनं पोटात घालावं. जे घरी झालं, त्याची माफी सभेनं देण्यासारखी नाही. इंदू, मान वर कर ना.

तुला द्यायला पुष्पगुच्छ माझ्या हाती दिलाय, अंतरा. त्याच्याखाली ती पुडी आहे. आधी ती घे.