वरून समुद्र कसा दिसतो

...छे छे, बसा हो, हा बाक काही माझ्या मालकीचा नाही – असता तर वरची ती ‘निसर्गाशी नातं जोडा’ पाटी आधी उपटून टाकली असती. नातं म्हणे! चेन्नईहून बसमध्ये उकडून यायचं, मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा, इस्पितळात बांधतात तसा, डोक्यावर दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट चढवायचं आणि तारेला लोंबकळत या खडकावरून त्या खडकावर जायचं. याला साहस म्हणतात. आणि ही कोकिळा ऐकताय ना? त्या खोट्या दगडात स्पीकर आहे. मी वाकून पाहिलं. बाई मध्ये श्वाससुद्धा घेत नाही, तेव्हाच संशय आला होता.

तुम्ही मघाशी फोनवर आईशी बोलत होतात, म्हणून कळलं मराठी आहात ते. तंजावरकडचे? वाटलंच – शब्द आमचे आणि हेल तमिळ. हरिप्रसाद? बरं. ओरगडमला, गाड्यांच्या कारखान्यात? छान. राग मानू नका, मी तोंडाचा असाच आहे. उभा जन्म इथल्या इंग्रजी पेपरात बातमीदारी केली, गोड बोलायचा पगार तिथे मिळत नव्हता. आज आमच्या मराठी मंडळाची पोंगलची सहल. सगळे पायऱ्यांनी वर गेले – पायऱ्या, रेलिंग, वळणावळणावर सावली – हा डोंगर असेल तर आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडते तेव्हा मी रोज डोंगर चढतो! मी जुन्नरचा हो. नाणेघाट अनवाणी चढलेला माणूस. बायकोदेखत सांगितलं सगळ्यांना, तुम्ही जा तुमच्या जिन्याने, मी मागच्या कातळाच्या वाटेने येतो, वर भेटू. ऊर्मी म्हणून मंडळाची सचिव आहे, ती म्हणाली, काका नका, तिथे धरायला काही नाही. मी म्हटलं, धरायला लागतं त्यांनी घरी दाराची कडी धरून बसावं. हसले सगळे. बायको नाही हसली.

ते असू द्या. तुम्ही आत्ताच वरून उतरलात ना? मग सांगा, काय आहे वर? मनोरा – तो तर इथूनही दिसतो. समुद्र? ‘मस्त दिसतो’ – हे काय उत्तर झालं? माझ्या हाताखालचं कोणी बातमीची अशी कॉपी आणायचं तेव्हा मी ती त्याच्यासमोर फाडायचो. जागेवर जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग लिही! समुद्राचा रंग कोणता? मातकट? लांबवर हिरवा – हां, हे झालं काहीतरी. होड्या? निळ्या, दोन. दीपगृह कुठल्या हाताला येतं? डाव्या. आणि वारा? टोपी उडेल इतका? बरं, बरं.

असे काय बघताय? मी गेलोच नाही असं कोण म्हणालं? गेलो की. त्या कातळाच्या वाटेने दुसऱ्या वळणापर्यंत गेलो. मग छातीत जरा – काही नाही हो, दम लागला, दम सगळ्यांना लागतो – तर तिथे एक रखवालदार पोरगी, गळ्यात शिट्टी, तिने प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली. ‘तात्ता, उक्कारुंग.’ आजोबा, बसा! मी हात वर केला की पत्रकार परिषदेत मंत्री पाणी मागायचे, आणि ही मला खुर्ची देते! बसलो नाही. मुळीच बसलो नाही. वळलो आणि उतरलो.

बायकोला? बायकोला सांगितलं, वर पोचलो, मनोऱ्याच्या पलीकडे आहे. फोन आला आणि तोंडातून निघून गेलं. तुम्हाला ती बाई माहीत नाही. दिवाळीत माझी अँजिओप्लास्टी झाली – हल्ली कोणाची होत नाही? – तेव्हापासून तिने माझं काचेचं भांडं करून ठेवलंय. दुधाची पिशवी उचलली तरी धावत येते. रात्री मध्येच उठून नाकापुढे हात धरते, मी झोपलोय असं समजून. एक दिवस, फक्त एक दिवस तिने माझ्याकडे तसं बघू नये, एवढंच हवं होतं मला – थांबा. तिचाच. गप्प बसा जरा.

हां अलका! अगं वारा फार आहे इथे, ऐकू येत नाही. हो, वरच. दीपगृह डावीकडे, खाली दोन निळ्या होड्या – काय? मनोऱ्याला दोनदा फेरी मारलीस? अगं, गर्दीत चुकामूक होते. नाही, पडलोबिडलो नाही. आवाज ठीक आहे माझा. तू कुठे उभी आहेस? – मागच्या वाटेच्या तोंडाशी? अलका, तिथून सरक. नाही, उतरायचं नाही! चपला आहेत तुझ्या पायात – ऊर्मीला फोन दे. नसू दे तिथे, तूच ऐक. पाय मागे घे आधी. घेतलास? मी त्या वाटेवर नाही. वरही नाही. खाली आहे. खाली, तिकीट खिडकीजवळ, बाकावर. केव्हाचा म्हणजे... तू पहिला फोन केलास तेव्हापासून. नाही, दुखत नाही. आता नाही. मघाशी जरा... हो. हो, सांगायला हवं होतं. रडू नकोस गं, लोक बघत असतील. पायऱ्यांनी ये, रेलिंग धरून ये. हो, हलत नाही. इथेच बसतो.

...तुम्ही अजून इथेच? उठा. ती येतेय, तिला जागा लागेल.