ओळख लागणार नाही

हॅलो?… हां दादा, बोल… नाही रे, मोठ्याने बोलता येत नाही, हॉस्पिटलात आहे. बाबांना घेऊन आलेय… तसं काही गंभीर नाही. म्हणजे… ते जाऊ दे, तुझं आधी सांग… हो, पाहिली ना कालची टीव्हीवरची चर्चा. बरा दिसत होतास. तो निळा कोट वहिनीने काढून दिला ना? वाटलंच.

हो, हो… चांगलं बोललास. "आधी जवळचा दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल." शेजारच्या काकूंनासुद्धा पटलं, आणि त्यांना कधी काही पटत नाही.

नाही, अजून आत सोडलं नाही. सकाळपासून बाकावर बसलोय… अरे, चिठ्ठी आहे ना. तुमच्या समितीच्या नियमाप्रमाणे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊनच आले. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, "फार विसरतात." खिडकीवरचा माणूस म्हणतो, विसरणं हा आजार नाही, आजाराचं नाव लिहून आणा… आता दादा, नाव माहीत असतं तर इथे कशाला कडमडलो असतो? नाव सांगायलाच तर मोठे डॉक्टर…

"अंमलबजावणीतली त्रुटी." बरं. सांगते बाबांना, त्रुटी आहे म्हणून, बसा निवांत.

चिडले नाही रे. दमलेय फक्त. रात्री उठून दार उघडायला जातात, मग माझी कसली झोप… सांगितलं होतं तुला. सांगितलं होतं मी. तू म्हणालास, वय झालं की व्हायचंच थोडं… आत्ता? आत्ता शांत आहेत. त्यांना वाटतंय कुणाच्या तरी लग्नाला आलोय. मघापासून विचारतायत, नवरी कुठेय.

काय?… कोणाला फोन करतोस?… नको. अरे ऐक ना. काल सगळ्यांसमोर तूच म्हणालास ना, "यापुढे कोणाचीही ओळख लागणार नाही"? केवढ्या टाळ्या पडल्या. इथे शेजारी एक बाई बसलीय नवऱ्याला घेऊन. त्यांच्या चिठ्ठीवर नुसतं "चक्कर" आहे, त्यांनाही परत पाठवतायत. तिने कुठल्या दादाला फोन करायचा?… बाप आपलाच आहे, कळतं मला. खरं सांगू, मलाही वाटतंय कर एकदाचा फोन आणि सोडव आम्हाला. पण…

थांब जरा, बाबा काहीतरी म्हणतायत. काय हो?… टीव्ही? हो, दिसला… दादा, इथे भिंतीवर टीव्ही आहे, त्यावर कालची चर्चा परत लागलीय, तूच दिसतोयस. आवाज बंद आहे, नुसतं तोंड हलतंय तुझं.

हां बाबा?…

काही नाही. सोड… अरे, काही नाही म्हटलं ना… बरं, ऐक. बाबा म्हणतायत, "हा माणूस भला दिसतो गं. ह्याला विचार ना, आपली चिठ्ठी चालेल का."

नाही रे, चेष्टा कसली. बाबा कधी चेष्टा करतात का?… काल ओळखलं होतं. "आपला थोरला" म्हणाले, हात जोडून बसले होते टीव्हीपुढे. परवा नव्हतं ओळखलं.

काय?… आत्ताच फोन लावतोस?…

नको. आता कुणालाच फोन करू नकोस. तू ये… बैठक संपली की नको, आत्ता ये… हो, सांगेन त्यांना, थोरला येतोय म्हणून. ओळखतात का, ते तूच आल्यावर बघ… सावकाश चालव गाडी. रांगेतच आहोत आम्ही, कुठे जातोय.