उकळलेलं घर

...नाही, मला एवढंच सांगा, माझं चुकलं कुठं? तुम्हाला सांगतो, इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणं हे माझं काम. मुलगी झाली तेव्हा म्हटलं, परक्याच्या पोटात जाणारी कात्री मी एवढी जपतो, मग पोटच्या पोरीला नको? खुळखुळा उकळला, चमचे उकळले, बाहुली उकळली, तिचे डोळे निघाले, ते वेगळे उकळले. सासूबाईंना कोपरापर्यंत हात धुवायला लावायचो. त्या म्हणायच्या, "जावईबापू, नातीला मांडीवर घ्यायचंय, तिचं ऑपरेशन नाही करायचं." अंडं तर मी उंबऱ्याबाहेरच अडवलेलं. उगाच धोका कशाला, म्हणून.

आणि शेजारच्या वाढदिवसाला पोरीनं अंड्याच्या केकचा एक घास खाल्ला... ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला. तशीच उचलून अनवाणी पळालो. खरं सांगतो, आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो.

इंजेक्शन दिलं, पोरगी सावरली, आणि डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, "घर फारच स्वच्छ ठेवता का हो?" घ्या! म्हणाल्या, "लहानपणी शरीराचे पहारेकरी शिकत असतात, घरचा कोण, चोर कोण. माती, जनावरं, नाना तऱ्हेचं खाणं वेळेवर भेटलं की ओळख पटते. नाहीतर कधीकधी पाहुण्यालाच बडवतात. तेवढंच कारण असेल असं नाही, पण..." त्या 'पण'नं घात केला हो. जिच्यासाठी एवढी हाडं झिजवली, ती स्वच्छताच फितूर निघाली? मग माझं चुकलं कुठं?

त्या म्हणाल्या, "अंडं इथं, आमच्यासमोर, कणाकणानं देऊ. घरी प्रयोग नकोत. बाकी तिला जरा मोकळं सोडा." आता मोकळं म्हणजे भावाचं घर. त्याचं पोरगं कुंडीतली माती खातं, कुत्र्याच्या ताटलीत जेवतं, साधी शिंक नाही. वहिनी म्हणाली, "आणा की तिला, भावोजी, कुत्रा काय खातोय?" काळजावर दगड ठेवून नेली. पोरीनं कुत्र्याला मिठी मारली, त्यानं तिचं अख्खं तोंड चाटलं, मी डोळे गच्च मिटले... उघडले तर ती खिदळतेय. अंगावर एक पुरळ नाही. आणि शिंका कुणाला? मला. तपासलं, तर मलाच कुत्र्याची ॲलर्जी.

म्हटलं, सुटलो, आता बायको माझी बाजू घेईल. ती पिल्लूच घेऊन आली. डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली, तर म्हणतात, "पण तिला कुत्रा चालतोय ना?"

चालतोय. छान चालतोय. पूर्वी कामावरून आलो की तोंडावरचा मास्क काढायचो. आता बदलतो.